आवाजाची आणि प्रकाशाची तरंगलांबी घरच्या घरी कशी मोजावी

ध्वनी आणि प्रकाश हे दोन्ही तरंग आहेत, हे वाक्य आपण शाळेपासून वाचत आलेलो असतो. पण तो तरंग नेमका केवढा असतो आणि या दोन तरंगांच्या वागण्यात इतका फरक का पडतो, हे प्रश्न बहुतेकांच्या बाबतीत उत्तरपत्रिकेपलीकडे जात नाहीत. माझे मत असे आहे की या विषयात शिरायचे असेल तर सर्वांत आधी तरंगलांबी हाताशी धरावी, आणि ती नुसती वाचू नये, स्वतः मोजावी. एकदा ध्वनीची तरंगलांबी सेंटिमीटरमध्ये आणि प्रकाशाची नॅनोमीटरमध्ये आपल्या वहीत उतरली, की कोपऱ्यापलीकडचा माणूस ऐकू का येतो पण दिसत का नाही, यासारख्या गोष्टींसाठी वेगळे पाठांतर करावे लागत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. मुंबईतल्या लहानशा घरातही पाण्याची बादली, प्लंबरकडे उरलेला पाइपचा तुकडा, एखादी जुनी सीडी, मोबाइल आणि मीटरपट्टी एवढे साहित्य सहज जमते.

सुरुवातीला एकच सूत्र लक्षात ठेवावे: वेग = वारंवारिता × तरंगलांबी. एका सेकंदात किती तरंग निघाले ही वारंवारिता, ती हर्ट्झमध्ये मोजतात. एका तरंगाची लांबी ही तरंगलांबी. या दोहोंचा गुणाकार म्हणजे त्या तरंगाने एका सेकंदात कापलेले अंतर. हे सूत्र ध्वनीला जसे लागू आहे तसेच प्रकाशालाही लागू आहे, आणि खालचे सगळे प्रयोग याच एका सूत्रावर उभे आहेत.

ध्वनीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मनात स्वच्छ असावी. बोलणाऱ्याच्या तोंडातली हवा ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. पोहोचतो तो दाब. गर्दीच्या लोकलमध्ये दारातून एकाने रेटा दिला की उभे असलेले प्रवासी जागच्या जागी पुढेमागे होतात, पण रेटा मात्र डब्याच्या मध्यापर्यंत जाऊन पोहोचतो. हवेचे कणही असेच आपल्या जागेभोवती पुढेमागे हलतात आणि दाट-विरळ, दाट-विरळ अशी रचना पुढे सरकत जाते. एका दाट जागेपासून पुढच्या दाट जागेपर्यंतचे अंतर म्हणजे ध्वनीची तरंगलांबी.

बादली आणि नळीचा प्रयोग

हार्डवेअरच्या दुकानातून साधारण एक इंच, म्हणजे सुमारे २.५ सेंटिमीटर आतील व्यासाचा पीव्हीसी पाइप घ्यावा आणि त्याचा ३५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा कापून घ्यावा. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत कराव्यात, कारण वरची कड सपाट नसेल तर मोजमाप तिथूनच बिघडते. मार्करने वरच्या कडेपासून खाली दर अर्ध्या सेंटिमीटरला खूण करावी. बादलीत किमान ३० सेंटिमीटर खोल पाणी भरावे. पाणी ठरावीक वेळीच येते म्हणून घरात पिंप भरून ठेवलेला असेल आणि त्यातले पाणी पिण्याचे नसेल, तर तो बादलीपेक्षा बरा, कारण अधिक खोलीमुळे लांब नळी वापरता येते.

मोबाइलवर टोन जनरेटर प्रकारचे कोणतेही मोफत अ‍ॅप घ्यावे आणि त्यात साइन तरंग निवडून वारंवारिता १००० हर्ट्झ ठेवावी. साइनचा आग्रह यासाठी, की इतर आकारांच्या तरंगांत अनेक वारंवारिता मिसळलेल्या असतात आणि मग नळी भलत्याच ठिकाणी घुमते. आवाज बेताचाच ठेवावा. मोठ्या आवाजात चढ-उतार कानाला नीट कळत नाही. पंखा बंद करावा आणि शक्यतो रस्त्यावरची वर्दळ सुरू होण्याआधी, पहाटे हा प्रयोग करावा.

नळी जवळजवळ पूर्ण पाण्यात बुडवून तिच्या तोंडावर एक-दोन सेंटिमीटर उंचीवर मोबाइलचा स्पीकर धरावा, पण तोंड झाकू नये. आता नळी अगदी हळू वर उचलत न्यावी आणि मोबाइलही तिच्याबरोबर वर न्यावा. पाण्याच्या वर सुमारे ८ सेंटिमीटर नळी राहिली की आवाज एकाएकी भरून येतो आणि नळी आणखी वर नेताच पुन्हा ओसरतो. ही जागा निश्चित करण्यासाठी एकदा खालून वर आणि एकदा वरून खाली असे जावे, दोन्ही वेळा आवाज कुठे सर्वाधिक वाटला ते पाहावे आणि मधला आकडा लिहावा. त्यानंतर नळी उचलत राहिल्यास सुमारे २५.५ सेंटिमीटरपाशी आवाज दुसऱ्यांदा भरून येतो. तोही आकडा लिहून ठेवावा.

असे का होते? स्पीकरमधून निघालेला तरंग नळीतून खाली जातो, पाण्यावर आपटून परत येतो आणि खाली जाणाऱ्या नव्या तरंगात मिसळतो. पाण्याच्या पृष्ठभागापाशी हवेला हलायला जागाच नसते, म्हणून तिथे निस्पंद बिंदू तयार होतो. उघड्या तोंडापाशी हवा मोकळेपणाने हलू शकते, म्हणून तिथे प्रस्पंद बिंदू यावा लागतो. निस्पंद आणि त्याला लागून असलेला प्रस्पंद यांच्यात पाव तरंगलांबीचे अंतर असते. त्यामुळे हवेचा स्तंभ पाव तरंगलांबीएवढा झाला की नळी पहिल्यांदा घुमते, पाऊण तरंगलांबीएवढा झाला की दुसऱ्यांदा, आणि पुढे दर अर्ध्या तरंगलांबीला हेच होत राहते.

अनेक जण पहिला आकडा चारने गुणून मोकळे होतात, आणि त्यांचे उत्तर चुकते. ८ सेंटिमीटरची चौपट ३२ सेंटिमीटर. त्यावरून वेग ३२० मीटर प्रति सेकंद येतो, जो वास्तवापेक्षा बराच कमी आहे. याचे कारण असे की प्रस्पंद बिंदू नळीच्या तोंडावर न बसता किंचित बाहेर, आतील व्यासाच्या सुमारे ०.३ पट अंतरावर बसतो. आपल्या नळीसाठी हे अंतर पाऊण सेंटिमीटर आहे. दोन आकड्यांची वजाबाकी केली की ही पाऊण सेंटिमीटरची भानगड दोन्हीकडून आपोआप कटते. २५.५ वजा ८ म्हणजे १७.५ सेंटिमीटर, ही अर्धी तरंगलांबी; पूर्ण तरंगलांबी ३५ सेंटिमीटर; आणि १००० हर्ट्झने गुणल्यावर वेग ३५० मीटर प्रति सेकंद. म्हणून दुसरा आकडा मिळाल्याशिवाय हा प्रयोग पूर्ण झाला असे मानू नये. प्रत्येक वाचनात दोन मिलिमीटरची चूक धरली तरी वेगाच्या उत्तरात साधारण सहा ते आठ मीटरचा फरक पडू शकतो, तेव्हा ३४३ किंवा ३५६ आले म्हणून निराश होण्याचे कारण नाही. पिंप आणि लांब नळी असेल तर ४३ सेंटिमीटरपाशी तिसऱ्यांदा आवाज भरून येतो. तिसरा आकडा वजा पहिला आकडा म्हणजे थेट एक संपूर्ण तरंगलांबी, आणि चूक निम्म्यावर येते.

एका वारंवारितेवर थांबू नये. ८०० हर्ट्झला त्याच नळीत १०.२ आणि ३२.१ सेंटिमीटरच्या आसपास, तर १२०० हर्ट्झला ६.५ आणि २१.१ सेंटिमीटरच्या आसपास आवाज भरून येतो. वारंवारिता वाढवली की तरंगलांबी आखडते, पण दोहोंचा गुणाकार मात्र ३५०च्या आसपासच राहतो. आवाज लहान-मोठा करून पाहिला तरी खुणा जागच्या हलत नाहीत. उंच स्वर वेगाने जातो किंवा मोठा आवाज लवकर पोहोचतो, हे दोन्ही समज इथे स्वतःच्या कानांनी तपासून बाजूला ठेवता येतात.

वेग बदलतो तो हवेमुळे. कोरड्या हवेत ० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सुमारे ३३१.३ मीटर प्रति सेकंद असतो आणि दर अंशाला तो साधारण ०.६ मीटरने वाढतो. त्या हिशेबाने मुंबईत मे महिन्यातल्या ३३ अंशांना तो ३५१ मीटरच्या जवळ, तर जानेवारीतल्या १८ अंशांच्या पहाटे ३४२ मीटरच्या जवळ असतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत तो आणखी दीड-दोन मीटरने वाढतो, कारण पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो. दमट हवा जड वाटत असली तरी प्रत्यक्षात ती कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. न्यूटनने १६८७ मध्ये हा वेग गणिताने काढण्याचा प्रयत्न केला तेव्हा त्याचे उत्तर सुमारे १५ टक्क्यांनी कमी आले होते. दाटीच्या जागी हवा क्षणभर तापते आणि विरळ जागी गार होते, हे त्याने धरले नव्हते. ती दुरुस्ती पुढे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने केली. बादलीतून काढलेले आपले उत्तर त्या गणितापेक्षा सत्याच्या जवळ आहे, याचा विद्यार्थ्यांना जरूर आनंद वाटू द्यावा.

चाळीच्या गॅलरीत दोन मोबाइल

वेग थेट मोजायचा असेल तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेले फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप घ्यावे. त्यात आवाजाने सुरू आणि आवाजानेच बंद होणारे स्टॉपवॉच आहे. चाळीची लांब गॅलरी किंवा इमारतीची गच्ची यासाठी उत्तम. टेपने मोजून बरोबर १० मीटर अंतरावर दोन मोबाइल ठेवावेत आणि दोन्हींवर हे स्टॉपवॉच तयार ठेवावे. पहिल्या मोबाइलजवळच्या व्यक्तीने एक टाळी वाजवावी: पहिले घड्याळ लगेच सुरू होते, दुसरे आवाज पोहोचल्यावर. काही क्षणांनी दुसऱ्या मोबाइलजवळच्या व्यक्तीने टाळी वाजवावी: दुसरे घड्याळ लगेच थांबते, पहिले आवाज पोहोचल्यावर. दोन वाचनांतला फरक म्हणजे ध्वनीला १० मीटर दोनदा, म्हणजे २० मीटर कापायला लागलेला वेळ. तो सुमारे ०.०५७ सेकंद येतो. टाळ्यांमध्ये किती वेळ गेला याने काहीच फरक पडत नाही, ही या पद्धतीची खुबी आहे. आजूबाजूच्या आवाजाने घड्याळ भलत्या वेळी सुरू होत असेल तर अ‍ॅपमधली आवाजाची मर्यादा वाढवावी.

पावसाळ्याच्या तोंडावर विजा चमकतात तेव्हा हाच हिशेब मोठ्या अंतराला लावता येतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. ते सेकंद ३० पेक्षा कमी भरले तर गच्चीवरून किंवा मैदानातून तातडीने घरात यावे.

सीडीवरून प्रकाशाची तरंगलांबी

प्रकाशाचे तरंग इतके लहान असतात की त्यांच्यासाठी नळी उपयोगाची नाही. त्यांच्या मापाची रचना लागते. ती आपल्याकडे सीडीच्या रूपात आहे. सीडीवर माहिती ज्या सर्पिल मार्गावर कोरलेली असते त्या मार्गाच्या लागोपाठच्या वेढ्यांमध्ये १.६ मायक्रोमीटर, म्हणजे १६०० नॅनोमीटर अंतर असते. प्रत्येक वेढ्यावरून परतणारा प्रकाश शेजारच्या वेढ्यावरून परतणाऱ्या प्रकाशात मिसळतो. ज्या दिशेला या दोन वाटांमध्ये बरोबर एका तरंगलांबीचा फरक पडतो, त्या दिशेला सगळे तरंग एकमेकांना साथ देतात आणि तिथे ठळक ठिपका उमटतो. इतर दिशांना ते एकमेकांना खोडून काढतात.

यासाठी लाल लेझर पॉइंटर घ्यावा. लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो सहज मिळतो, पण घेताना वेष्टनावर १ मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा उल्लेख पाहूनच घ्यावा. स्वस्त हिरवे पॉइंटर टाळावेत, कारण त्यांतल्या अनेकांत हिरव्या प्रकाशाबरोबर न दिसणारा अवरक्त प्रकाशही बाहेर पडतो आणि शक्ती लिहिल्यापेक्षा बरीच जास्त असू शकते. सीडीवरून एकाच वेळी अनेक दिशांना किरण परततात, हे इथे कधीही विसरू नये. मांडणी टेबलावर, सर्वांच्या डोळ्यांच्या पातळीच्या खाली असावी. लहान मुलांना एकटे करू देऊ नये. दोन्ही बाजूंना काळे कापड किंवा पुठ्ठा लावावा. आणि लेझर खिडकीबाहेर कधीच धरू नये, कारण या शहरावरून दिवसरात्र विमाने उतरत असतात आणि वैमानिकाचे डोळे दिपणे म्हणजे शेकडो जिवांशी खेळ आहे.

एका मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्याला मधोमध लहान भोक पाडून तो उभा करावा. त्याच्यासमोर बरोबर ३० सेंटिमीटरवर सीडी उभी करावी, चकचकीत बाजू पुठ्ठ्याकडे. लेझर पुठ्ठ्यामागून भोकातून सीडीवर पाडावा, पण कुठेही नव्हे: घड्याळाच्या तबकडीवर जिथे ३ असतो, सीडीवर त्या जागी. तिथे वेढे उभे जातात आणि ठिपके आडव्या ओळीत नीट उमटतात. १२च्या जागी पाडल्यास तेच ठिपके वर-खाली पडतात. सीडी किंचित हलवून मधला, साधा परावर्तित ठिपका पुन्हा भोकावरच आणावा. तो भोकावर आला म्हणजे सीडी किरणाला लंब झाली. आता भोकाच्या डावी-उजवीकडे पुठ्ठ्यावर एकेक ठिपका दिसेल. दोन्हींचे भोकापासूनचे अंतर मोजून सरासरी घ्यावी.

समजा ते अंतर १३.३ सेंटिमीटर आले. सीडीपासून ठिपक्यापर्यंतचे तिरपे अंतर पायथागोरसच्या प्रमेयाने काढावे: ३०चा वर्ग अधिक १३.३चा वर्ग, त्याचे वर्गमूळ सुमारे ३२.८ सेंटिमीटर. १३.३ला ३२.८ने भागून येणारा ०.४०५ हा अंक १६०० नॅनोमीटरने गुणला की उत्तर ६४८ नॅनोमीटर येते. पॉइंटरच्या वेष्टनावर बहुधा ६५० नॅनोमीटर छापलेले असते. टेबल, पुठ्ठा आणि शाळेची पट्टी यांच्या बळावर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान लांबी मोजली जाते, आणि मला हा सगळ्या भौतिकशास्त्रातला सर्वांत समाधान देणारा प्रयोग वाटतो. पुठ्ठा पुरेसा रुंद असेल तर सुमारे ४२ सेंटिमीटरवर दुसरा, फिकट ठिपका सापडतो. तिथे वाटांमधला फरक दोन तरंगलांबींचा असतो.

हाती डीव्हीडी असेल तर हिशेब उलटा करावा. तिच्या चकचकीत बाजूवर तोच किरण पाडल्यास ठिपके कितीतरी दूर जातात, कारण वेढे ०.७४ मायक्रोमीटरवर आले आहेत. तरंगलांबी माहीत धरून हे अंतर काढता येते. डीव्हीडीत सीडीपेक्षा जास्त माहिती का मावते याचे निम्मे उत्तर त्या मोजमापातच आहे.

पापड आणि प्रकाशाचा वेग

प्रकाशाची वारंवारिता मोजणे घरी शक्य नाही. लाल प्रकाश एका सेकंदात सुमारे ४६१ लाख कोटी वेळा कंप पावतो. पण त्याच कुळातले, त्याच वेगाने जाणारे, फक्त तरंगलांबीने मोठे असे तरंग स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये असतात, आणि त्यांची वारंवारिता ओव्हनच्या मागच्या पाटीवरच लिहिलेली असते: २४५० मेगाहर्ट्झ.

ओव्हनमधली फिरती तबकडी काढून ठेवावी, आणि खालचा दांडा फिरत राहिला तरी थाळी फिरणार नाही अशा रीतीने काचेची सपाट थाळी तिच्या जागी उंचावर ठेवावी. थाळीवर उडदाचे कच्चे पापड एकावर एक न येता शेजारी शेजारी मांडावेत. ओव्हन १५-२० सेकंदच चालवावा आणि दारापासून हलू नये. बाहेर काढल्यावर पापड सगळीकडे सारखा फुललेला नसतो. काही जागी पांढरे फोड आलेले असतात आणि मधला भाग कच्चाच असतो. धातूच्या भिंतींवरून परतणारे तरंग एकमेकांत मिसळून नळीतल्यासारखेच स्थिर तरंग, म्हणजे निस्पंद-प्रस्पंद बिंदू जागच्या जागी राहणारे तरंग, तयार करतात, आणि जिथे प्रस्पंद बिंदू तिथे पापड आधी भाजला जातो. शेजारच्या फोडांच्या मध्यांमधले अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी, सुमारे ६.१ सेंटिमीटर. त्याची दुप्पट ०.१२२ मीटर गुणिले २४५ कोटी म्हणजे सुमारे ३० कोटी मीटर प्रति सेकंद. प्रकाशाच्या वेगाचा स्वीकृत आकडा २९,९७,९२,४५८ आहे. १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्यावरून केली जाते. ओव्हन हा तीन मितींचा डबा असल्यामुळे फोडांची नक्षी दर वेळी सरळ नसते, म्हणून एकाच अंतरावर विसंबू नये. अनेक अंतरे मोजावीत आणि उत्तर दहा-वीस टक्क्यांच्या आत आले तर ते चांगले समजावे.

हेन्रिक हर्ट्झने १८८८च्या सुमारास विद्युतचुंबकीय तरंग (मायक्रोवेव्हही याच कुळातल्या) प्रकाशाच्याच वेगाने जातात हे दाखवले तेव्हा त्याची पद्धत तत्त्वतः हीच होती: धातूच्या पत्र्यावरून तरंग परतवायचे, निस्पंद बिंदूंमधले अंतर मोजायचे आणि वारंवारितेने गुणायचे. त्याचे तरंग काही मीटर लांबीचे होते आणि त्यासाठी मोठे दालन लागले. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५च्या सुमारास कोलकात्यात ही लांबी काही मिलिमीटरवर आणली, आणि त्यामुळे प्रकाशावरचे नेहमीचे प्रयोग त्यांना टेबलावर मावणाऱ्या साहित्याने करता आले. तरंगाच्या तुलनेत साहित्य केवढे आहे, यावर सगळे अवलंबून असते.

दोन आकडे शेजारी ठेवल्यावर

आता वहीत दोन लांबी आहेत: १००० हर्ट्झच्या ध्वनीची ३५ सेंटिमीटर आणि लाल प्रकाशाची ६५० नॅनोमीटर. पहिली दुसरीच्या पाच लाखांहून अधिक पट आहे. तरंग अडथळ्याच्या किंवा फटीच्या कडेवरून किती वळतो, म्हणजे त्याचे विवर्तन किती होते, हे त्याची लांबी त्या फटीच्या तुलनेत केवढी आहे यावर ठरते. खोलीचा दरवाजा साधारण ९० सेंटिमीटरचा. ध्वनीचा तरंग त्याच्याशी तुलना करता येईल एवढा आहे, म्हणून तो दारातून बाहेर पडताच पसरतो आणि स्वयंपाकघरातली हाक बाहेरच्या खोलीत कोपऱ्यातही ऐकू येते. प्रकाशासाठी तोच दरवाजा तरंगलांबीच्या लाखो पट रुंद आहे, म्हणून तो सरळ जातो आणि रेखीव कडांची सावली पडते.

ध्वनीतही हा भेद पाहायला मिळतो. गणपतीच्या मिरवणुकीची चाहूल लागते तेव्हा गिरगावातल्या किंवा परळमधल्या गल्लीत आधी ढोलाचा ठोका पोहोचतो आणि ताशाची तडतड मिरवणूक वळणावर आल्यावरच स्पष्ट होते. ढोलाच्या १०० हर्ट्झच्या आसपासच्या ध्वनीची तरंगलांबी साडेतीन मीटर असते, ती इमारतींच्या कोपऱ्यांवरून सहज वळते. ताशाच्या ३५०० हर्ट्झच्या आसपासच्या ध्वनीची १० सेंटिमीटर असते, ती भिंतींमागे सावलीसारखी अडते आणि लांबवर हवेतही अधिक शोषली जाते. जाड पडदे लावूनही खालच्या मजल्यावरचा बेस का थांबत नाही, याचे कारणही इथेच आहे: मीटरभर लांबीच्या तरंगांपुढे दोन-चार मिलिमीटरचे कापड नगण्य असते.

जाणाऱ्या लोकलचा हॉर्न

तरंगलांबी उगमाच्या गतीनेही बदलते, आणि हे मोजायला मुंबईइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. रुळांलगतच्या घराच्या खिडकीतून, किंवा फलाटावर पिवळ्या रेषेच्या पुष्कळ मागे उभे राहून, न थांबता जाणाऱ्या जलद लोकलचा हॉर्न मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा. हॉर्न ४०० हर्ट्झचा आणि गाडीचा वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर असे धरू. उभ्या गाडीच्या हॉर्नची तरंगलांबी ८७.५ सेंटिमीटर असती. पण एक कंपन पूर्ण होईपर्यंत गाडी ५ सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणून पुढच्या बाजूचा प्रत्येक तरंग ८२.५ सेंटिमीटरवर आखडतो आणि मागच्या बाजूचा ९२.५ सेंटिमीटरवर ताणला जातो. कानाला ४२४ हर्ट्झचा स्वर गाडी पुढे निघून जाताच ३७८ हर्ट्झवर उतरलेला ऐकू येतो. गाण्याचा कान असलेल्यांना हा उतार शुद्ध ‘रे’वरून ‘सा’वर आल्यासारखा वाटेल, आणि ते बरोबर आहे, कारण दोन्हीकडचे गुणोत्तर जवळपास नऊला आठ असे आहे.

ध्वनिमुद्रण स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजात कोणकोणत्या वारंवारिता आहेत ते, दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये उघडावे. हॉर्नमध्ये बहुधा एकाहून अधिक स्वर असतात, म्हणून एकच ठळक रेषा निवडून तिचा आधीचा आणि नंतरचा आकडा घ्यावा. दोन आकड्यांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज, गुणिले ध्वनीचा वेग: ४६ भागिले ८०२, गुणिले ३५० म्हणजे सुमारे २० मीटर प्रति सेकंद. इथे ३५०च्या जागी नळीने काढलेला स्वतःचा आकडा घालावा. रुळांपासून जितके दूर उभे राहावे तितका स्वर एकदम न उतरता घसरत जातो, म्हणून गाडी बरीच दूर असतानाचे आकडेच हिशेबात धरावेत.

प्रकाशालाही हाच परिणाम लागू आहे, पण २० मीटर प्रति सेकंद हा वेग प्रकाशाच्या वेगाचा दीड कोटीवा भाग आहे. त्यामुळे मोटरमनला समोरच्या सिग्नलचा रंग तसूभरही बदललेला दिसत नाही. हा फरक पकडायचा तर परतलेला तरंग मूळ तरंगात मिसळावा लागतो, आणि रडारवर चालणाऱ्या स्पीड गन तेच करतात. ज्यांना याच्या पुढे जायचे आहे त्यांनी छंदिष्टांसाठी मिळणारे सुमारे १०.५ गिगाहर्ट्झचे लहान रडार मॉड्यूल घ्यावे. त्याची तरंगलांबी २.८५ सेंटिमीटर असते. समोरून सेकंदाला दीड मीटर वेगाने माणूस चालत आला, तर मूळ आणि परतलेल्या तरंगांच्या वारंवारितेतला फरक म्हणजे वेगाची दुप्पट भागिले तरंगलांबी, सुमारे १०५ हर्ट्झ. मॉड्यूलमधून निघणारा हा संकेत फार क्षीण असतो, म्हणून त्याला आधी अ‍ॅम्प्लिफायर जोडावा आणि मगच हेडफोन. माणूस वेग वाढवेल तसा स्वर चढतो आणि तो थांबताच स्वर नाहीसा होतो.